चायनाटाउनमधली चिनी नाण्यांची पिशवी: नाणी झकास, चिठ्ठीवर विश्वास नको

सिंगापूरला चायनाटाउनमध्ये एक छोटं दुकान आहे, तिथून ४० पितळी नाण्यांची पिशवी घेतली, वर चिठ्ठी होती "कांगशी काळ, १६६२ ते १७२२", म्हणजे चीनच्या कांगशी बादशहाच्या वेळची. आपल्याकडे फेंगशुईवाले लाल दोऱ्यात बांधून विकतात ना, तसलीच चौकोनी भोकाची, पण ती बहुतेक कारखान्यातली असतात आणि ही खरीखुरी ओतीव. आठवडाभर रोज रात्री भिंग घेऊन बसलो, तर कांगशीची निघाली फक्त ६!

तरी पैसे वसूल, कारण शिकायला याच्याइतकं भारी काही नाही. समोरची अक्षरं आधी वरचं, मग खालचं, मग उजवं आणि शेवटी डावं अशी वाचायची. वरखाली बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, आडवं "थोंगपाओ", म्हणजे चलनी नाणं. चिनी येत नसलं तरी अडत नाही, छिंग घराण्याची नेहमी सापडणारी नावं जेमतेम दहा, शुनचीपासून श्वानथोंगपर्यंत, चार दिवसांत नजरेत बसतात.

खरी मजा मागच्या बाजूला. बहुतेकांवर डावीकडे मांचू लिपीत, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या मूळ लिपीत, "बो" (खजिना), तो सगळीकडे तोच, आणि उजवीकडे टांकसाळीचं नाव, म्हणजे बीजिंग की सूचौ की युन्नान ते कळतं. कांगशीच्या काही नाण्यांवर मात्र डावीकडे मांचू आणि उजवीकडे चिनी अक्षर असतं.

माझ्या पिशवीत २२ नाणी छ्येनलोंग बादशहाची निघाली, १७३६ ते १७९५, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावापासून सवाई माधवरावापर्यंत तिकडे एकच कारकीर्द, हे हातात नाणं धरून लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. १७४० पासून या पितळेत थोडं कथील घालायला लागले, कारण लोक नाणी वितळवून भांडी करायचे आणि कथिलाने धातू ठिसूळ होतो. एका नाण्याची कड भिंगाखाली धरली तर कानशीचे बारीक ओरखडे स्पष्ट दिसतात. ओतून झाल्यावर नाणी चौकोनी सळईत ओवायची आणि सगळ्यांच्या कडा एकदम घासायच्या, भोक चौकोनी असल्यामुळे ती सळईवर फिरत नाहीत.

आता तक्रार. ३ नाणी मागून कोरी होती, ती जपानची कान्एई नावाची नाणी निघाली, १६३६ पासूनची. कांगशीचं नाणं मागून कोरं नसतं, दुकानदाराला एवढं तरी माहीत हवं! आणि २ चक्क नकली, दोन्हींवर भोकाच्या कोपऱ्याशी तोच खड्डा, त्याच जागी, तेवढाच, म्हणजे एकाच नाण्यावरून काढलेल्या नकला, आणि कड गुळगुळीत, कानशीचा मागमूस नाही. ती दोन्ही त्यांनी कुरकुर न करता बदलून दिली, पण जपानी नाणी कांगशीचीच म्हणून हटून बसले. उरलेली ७ छ्येनलोंगनंतरच्या ज्याछिंग आणि दाओग्वांग बादशहांची, ठीकठाक.

पाचपैकी साडेतीन. घ्यायला जाल तर भिंग आणि छोटा सराफी काटा सोबत न्या, छ्येनलोंगचं चांगलं नाणं साधारण ४ ग्रॅम भरतं. आणि घरी आणल्यावर प्लीज चिंच किंवा पितांबरी लावू नका, माझ्या आईने एक घासून लख्ख केलं, त्यावरचा दोनशे वर्षांचा थर गेला तो गेलाच.