अलास्का: नुसती क्रूझ, क्रूझ आणि डेनाली, की जहाजाशिवायच?

उन्हाळ्यात आई-बाबा अमेरिकेत मुलांकडे राहायला आले की अलास्काचा विषय निघतोच. पण अलास्का म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठा मुलूख, आणि प्रवासी जिथे जातात ते त्याचे दोन भाग एकमेकांसारखे मुळीच नाहीत. आग्नेयेचा किनारा म्हणजे बेटं, सततचा पाऊस, देवमासे आणि समुद्रात कोसळणारा बर्फ. आतला भाग म्हणजे डेनाली पर्वत, उघडाबोडका टुंड्रा (झाडं नसलेला थंड माळ), ग्रिझली अस्वलं आणि कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडियर. नेहमीच्या सात रात्रींच्या क्रूझमध्ये हा दुसरा भाग येतच नाही. आयुष्यात एकदाच तिथे जाणाऱ्या माणसाला हे परत आल्यावर कळावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आधी आपल्याला कोणता अलास्का बघायचाय ते ठरवा, भाव नंतर विचारा.

पहिला पर्याय अमेरिकेतल्या सिॲटल किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून जाऊन-येऊन क्रूझ. केचिकान, जुनो, स्कॅगवे ही किनाऱ्यावरची गावं आणि एक दिवस हिमनदीसमोर. बॅग एकदाच उघडायची, जेवण तयार, गुडघे दुखणाऱ्यांना लिफ्ट. जुनो राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता पोचत नाही. विमानाने जा नाहीतर पाण्याने. त्यामुळे या किनाऱ्यावर जहाज ही चैन नाही, तीच तिथली वाट आहे.

क्रूझ निवडताना मी जहाजावरचे तरणतलाव बघत नाही. ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी त्या मार्गात आहे का, एवढं आधी बघते. तिथे मोठ्या प्रवासी जहाजांना दिवसाला दोनच परवानग्या मिळतात, म्हणून ती प्रत्येक क्रूझवर नसते. तिथे उतरायला बंदर नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर, म्हणजे वनरक्षक, जहाजावर येऊन माहिती सांगतात आणि जहाज बर्फाच्या भिंतीपुढे सावकाश वळतं. 1794 मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं इथून गेली, तेव्हा ही खाडी किनाऱ्यातली जेमतेम खाच होती, बाकी सगळा बर्फ. आज तिचं पाणी सुमारे 100 किलोमीटर आत जातं. डेकवर उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा येतो.

सिॲटल की व्हँकुव्हर? सिॲटलचं विमान बहुतेकांना स्वस्त पडतं. पण तिथून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेटाच्या आतल्या बाजूने, शांत पाण्यातून. बोट लागणाऱ्यांनी व्हँकुव्हरचंच घ्यावं. आणि व्हिसा! 1886 च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला अशा फेरीत एखाद्या परदेशी बंदरात थांबावंच लागतं, म्हणून सिॲटलची जहाजं बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास लागतात. म्हणजे भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना दोन्हीकडून कॅनडाचा व्हिसा हवाच. ग्रीन कार्डवाल्या मुलांना तो लागत नाही, म्हणून आई-बाबांचा लक्षात राहत नाही. आधी व्हिसा, मग तिकीट.

दुसरा पर्याय मला सर्वांत आवडतो, पण त्याला अकरा-बारा दिवस हवेत. व्हँकुव्हर आणि अलास्कातली सेवर्ड किंवा व्हिटियर ही बंदरं यांच्यामधली एकेरी क्रूझ, आणि तिला जोडून अँकरेज शहर, डेनाली, जमल्यास उत्तरेचं फेअरबँक्स. या मार्गावर बऱ्याचदा हबर्ड हिमनदीही येते, तिचं तोंडच दहा किलोमीटर रुंद. त्या बदल्यात अलास्काच्या आखातातली एखादी रात्र हलती जाऊ शकते.

इथे नीट बघायची गोष्ट म्हणजे डेनालीतल्या रात्री. पॅकेजमध्ये पुष्कळदा एकच असते: दुपारी पोचा, दुसऱ्या दिवशी निघा. एवढ्याचसाठी जायचं असेल तर जाऊच नका. पर्वत 6,190 मीटर उंच, पण स्वतःचे ढग पांघरून बसतो; येणाऱ्या तिघांपैकी साधारण एकालाच तो दिसतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता 92 मैलांचा, खाजगी गाडी उन्हाळ्यात पहिल्या 15 मैलांपर्यंतच, पुढे बस. 2021 मध्ये डोंगर खचल्यामुळे 43व्या मैलापुढचा रस्ता बंद करून पुलाचं काम हाती घेतलं गेलं, तेव्हा तुमच्या तारखांना बस कुठवर जाते ते विचारून घ्या. तीन रात्री ठेवा आणि त्यातला एक पूर्ण दिवस लांबच्या बसला द्या.

आणि जमीन आधी, जहाज नंतर. बॅगा उचलणं, सकाळी लवकर उठणं, अँकरेजहून आठेक तासांची रेल्वे, हे सगळं ताजेपणी उरकतं. मग सात रात्री आराम. शिवाय जातानाचं विमान रखडलं तर फार तर हॉटेलची एक रात्र बुडते, जहाज सुटत नाही.

तिसरा पर्याय फारसं कुणी सुचवत नाही. आठवडाच हाताशी असेल आणि दोन्ही अलास्का हवे असतील, तर क्रूझ सोडा. अँकरेजला उतरा, गाडी भाड्याने घ्या, 200 किलोमीटरवरच्या सेवर्डला जा. तिथून केनाई फ्योर्ड्सची दिवसभराची बोट निघते: पफिन पक्षी, समुद्रसिंह, नशीब असेल तर काळे-पांढरे ओर्का देवमासे, आणि पाण्यात उतरलेली हिमनदी. मग उत्तरेला टाल्कीटना हे गाव आणि डेनाली. व्हिसा फक्त अमेरिकेचा. गाडी आणि खोल्या मात्र महिनोन्‌महिने आधी घ्याव्या लागतात. शाकाहाऱ्यांचे डेनालीजवळ हाल होतात, म्हणून दशम्या, मेतकूट, पोह्यांचा चिवडा बरोबर असू द्या. जहाजावर आधी कळवलं तर भारतीय शाकाहारी जेवण बहुतेक ठिकाणी मिळतं. ज्यांच्या घरी पथ्यं आहेत त्यांच्यासाठी हा फरक मोठा.

महिना? किनाऱ्यासाठी मे-जून, तेव्हा पाऊस त्यातल्या त्यात कमी. सामन मासे आणि त्यांच्यामागे नदीवर आलेली अस्वलं बघायची तर जुलै-ऑगस्ट. ऑगस्टच्या शेवटी टुंड्रा लालभडक होतो आणि फेअरबँक्सला रात्री पुन्हा काळोख पडू लागल्यामुळे ध्रुवप्रकाश दिसू शकतो, पण तेव्हा किनाऱ्यावर पावसाची झोड असते. छत्री वाऱ्यात टिकत नाही. टोपीचा रेनकोट न्या, आणि प्रत्येकाला वेगळी दुर्बीण.