रुंद नेत्रिका: पैसे कुठे वाचवावे, कुठे घालावे

आठ इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, थोडक्यात डॉब) घेतली, सोबत आलेल्या २५ आणि १० मिमीच्या नेत्रिकांनी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांच्या नळ्यांनी, चंद्र-शनी पाहून झाले, आता ऐसपैस आकाश दाखवणारी नेत्रिका हवी. इंदुरात दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मला याबद्दल विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: कमी नाभीय अंतराची (नेत्रिकेवरचा मिमीचा आकडा; तो जितका लहान, तितकं चित्र मोठं) स्वस्तातली घ्या, जास्त नाभीय अंतराची चांगली घ्या. एकाच मालिकेचा अख्खा संच घेऊ नका.

स्वस्तातली म्हणजे सोनेरी पट्टीवाली ६६ अंशी (हे अंश म्हणजे डोळा लावल्यावर दिसणारं वर्तुळ किती रुंद वाटतं ते). वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, ६, ९, १५ आणि २० मिमीमध्ये मिळते. चारही बाहेरून एकसारख्या, आतून नाहीत. ६ आणि ९ मध्ये खालच्या टोकाला एक जास्तीचं भिंग असतं. आरशाकडून येणारा प्रकाशाचा शंकू ते आधी निमुळता करतं, मग वरच्या भिंगांचं काम सोपं होतं. १५ आणि २० मध्ये ते नाही. त्यामुळे एफ ६ च्या (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट) आपल्या डॉबवर २० मिमी लावली की मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, आणि कडेचे पंख पसरलेल्या पाखरांसारखे. तीच २० मिमी एफ १३ च्या लहान माक्सुटोव्हवर (भिंग आणि आरसा दोन्ही असलेल्या आखूड दुर्बिणीवर) लावा, कडेपर्यंत छान दिसते. म्हणून दुसऱ्याची तारीफ ऐकताना त्याची दुर्बीण कोणती, हे आधी विचारा.

९ मिमीबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही. १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉबवर ती १३३ पट विशालन देते आणि अर्धा अंश आकाश दाखवते, म्हणजे पूर्ण चंद्र जेमतेम मावतो. त्याच नाभीय अंतराच्या साध्या ५० अंशी प्लॉसलमध्ये (नेहमीच्या जुन्या धाटणीच्या नेत्रिकेत) चंद्राच्या कडा कापल्या जातात. हाताने सरकवायच्या दुर्बिणीत आणखी एक फायदा आहे. आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा ग्रह मिनिटाला पाव अंश सरकतो. प्लॉसलमधून तो दीड मिनिटात निघून जातो, यातून दोन मिनिटांत. गच्चीवर सात-आठ माणसं रांगेत असतात तेव्हा त्या अर्ध्या मिनिटाची किंमत कळते. शिवाय प्लॉसल जितकी लहान, तितका डोळा भिंगाला टेकवावा लागतो. सोनेरी पट्टीच्या ६ आणि ९ मध्ये डोळा पंधराएक मिमी लांब ठेवता येतो. माझी आई डोळ्याला काही टोचेल म्हणून बिचकायची. या नेत्रिकेतून तिने शनीची कडी निवांत पाहिली.

६० अंशी ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या काचेच्या) नेत्रिकांचीही एक मालिका आहे, किमतीला थोडी वर. ८ आणि १२ मिमी उत्तम, बसवणंही पक्कं. पण रुंदी कमी होते, आणि ज्याच्याकडे ९ मिमी आहे त्याने ती घाईने घेऊ नये.

आता जिथे पैसे घालायचे ती जागा. सव्वा इंची नळीत जास्तीत जास्त किती आकाश मावेल याला मर्यादा आहे, आणि दोन नेत्रिका त्या मर्यादेपर्यंत पोचतात: ३२ मिमीची साधी प्लॉसल आणि २४ मिमीची ६८ अंशी, उदाहरणार्थ एक्सप्लोर सायंटिफिकची. आपल्या डॉबवर दोन्हींतून सुमारे १.३ अंश आकाश दिसतं. मग कित्येक पट महाग २४ मिमी कशाला? इंदूरच्या आकाशासाठी. २४ मध्ये विशालन ५० पट, ३२ मध्ये ३७ पट. त्यामुळे ३२ मध्ये मागचं आकाश पावणेदोन पट उजळ दिसतं. सुदामा नगरच्या गच्चीवरून ३२ मधलं आकाश राखाडी असतं, २४ मधलं त्याहून काळं, आणि वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ त्यावर उठून दिसतो. आणखी एक गोष्ट: या २४ मिमीच्या आत आर्गॉन वायू भरून ती सीलबंद केलेली असते. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते हे ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल सांगायला नको.

पैसे नसतील तर ३२ मिमीची प्लॉसल घ्या आणि गावाबाहेर जा. तिथल्या काळोखात ती काही कमी नाही. सोनेरी २० मिमीत पैसे घालवू नका.

घेण्याआधी कोणाची तरी नेत्रिका मागून एक चाचणी करा. ठळक तारा कडेला न्या आणि फोकस पुन्हा जुळवा. तारा टोकदार झाला तर दोष फक्त दृश्यक्षेत्राच्या वक्रतेचा आहे (मध्य आणि कड एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत), डोळा तेवढं सांभाळून घेतो. फोकस आत-बाहेर करताना ताऱ्याची रेघ आडवीची उभी झाली तर बहुधा नेत्रिकाच कमी पडतेय. आणि बाहेरच्या बाजूला शेपूट फुटलेला धूमकेतू दिसला तर तो आरशाचा स्वभाव आहे, नेत्रिका बदलून जाणार नाही.

मेच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाला इंदूरजवळच्या जानापाव टेकडीच्या बाजूला दक्षिण क्षितिज मोकळं मिळालं तर २४ आणि ९ मिमी दोन्ही नेत्रिका बरोबर न्या. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा दाट तारकागुच्छ इथून जेमतेम २० अंश वर येतो. २४ मिमीत तो काळ्या आकाशात तरंगणारा धुरकट गोळा असतो, आणि ९ मिमी लावली की तोच गोळा काठोकाठ भरतो आणि त्याचे तारे सुटे होऊ लागतात.