सावंतवाडीचे लाकडी फळांचे तोरण आणि गंजिफाच्या धाटणीची पाटी : दोन वर्षांच्या वापरानंतर

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचे दार सजवायचे ठरले, तेव्हा पहिली अडचण जागेचीच होती. गावच्या घराला अंगण, पायऱ्या, पडवी आणि मग चौकट असा क्रम असतो, त्यामुळे आलेल्या माणसाचे स्वागत टप्प्याटप्प्याने होत जाते. इथे लिफ्टचे दार उघडले की चार पावलांवर उंबरठा येतो आणि स्वागताचे सारे काम एकट्या चौकटीलाच करावे लागते. शिवाय सामाईक मार्गिका आगीच्या प्रसंगी मोकळी असणे जरुरीचे असल्यामुळे कुंड्या, बाक, चपलांचे कपाट असे काहीही बाहेर जमिनीवर ठेवायचे नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवून टाकले होते. त्यामुळे जी काही सजावट करायची ती चौकटीवर आणि तिच्या शेजारच्या हातभर भिंतीवर. त्या वर्षी सावंतवाडीला जाणे झाले, तेव्हा चितार आळीतल्या एका दुकानातून लाकडी फळांचे तोरण 1,800 रुपयांना विकत घेतले आणि नावाची पाटी 2,400 रुपयांना सांगून आलो. या दोन्ही वस्तूंनी आता दोन पावसाळे पाहिले आहेत, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहीत आहे.

तोरणात अकरा फळे आहेत. आंबा, डाळिंब, सीताफळ, पेरू ही कुठेही दिसणारी फळे तर आहेतच, पण मधोमध बीसकट लटकलेले काजूचे बोंड आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोटे फणस आहेत, ज्यांमुळे हे तोरण कुठल्या मातीतले आहे ते पाहताक्षणी कळते. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात; तिच्यात रानातली आणि परसातली फळे टांगलेली असतात. ज्याने लहानपणी ती पाहिली आहे, त्याला या तोरणाखाली उभे राहिल्यावर तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आमच्या घरी तरी तोरण निवडताना हेच कारण निर्णायक ठरले.

फळे भरीव असूनही एकूण वजन पाऊण किलोच्या आत आहे. पांगाऱ्याचे लाकूड मऊ आणि हलके असते आणि या कामासाठी ते पूर्वापार वापरले जाते, असे दुकानात सांगितले गेले. हातात घेतल्यावर ते पटतेही. खरेदी करताना एक फरक मात्र नीट पाहून घ्यावा. फळांच्या मधले मणी कातकामाचे असतात. लेथवर लाकूड फिरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. फळे मात्र ब्रशने तैलरंगात रंगवलेली असतात. दोन वर्षांनंतर हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो : मण्यांची चमक अजून पहिल्यासारखी आहे, तर दोन पेरूंच्या कडेचा रंग टवका उडून गेला आहे. त्यात रंगाचा दोष मी पूर्ण मानत नाही. फ्लॅटला बाहेरून जाळीचा दरवाजा असतो, तो बाहेरच्या बाजूला उघडतो आणि लोंबणारे फळ त्याच्या वरच्या पट्टीत सापडते. ज्यांच्याकडे असा दरवाजा आहे त्यांनी तोरणाची लोंबती लांबी चार इंचांपेक्षा जास्त घेऊ नये. आमची साडेपाच इंच आहे.

दोऱ्याविषयी मात्र खरी तक्रार आहे. इतक्या निगुतीने केलेली फळे साध्या सुती दोऱ्यात ओवलेली होती. पहिल्याच पावसाळ्यात गाठींवर बुरशी धरली आणि गणपतीच्या आधी दोरा तुटून डाळिंब खाली आले. मग सगळे तोरण उसवून तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यात, पुन्हा ओवले, तेव्हापासून काही त्रास नाही. कारागिराच्या हातून सुटलेल्या या वस्तूला दुकानदाराने पाच-दहा रुपयांचा चांगला दोरा वापरला, तर ग्राहकाचा मनस्ताप वाचेल आणि वस्तूचेही चीज होईल. टांगण्यासाठी चिकटवायचे हूक वापरू नयेत. आमच्याकडे ते आठवडाभरही टिकले नाहीत, शेवटी चौकटीला भोके पाडून पितळी आकडे बसवले.

यापूर्वी दारावर कापडी झेंडूचे नकली तोरण होते. ते स्वस्त होते आणि लांबून शोभतही होते, पण सहा महिन्यांत त्याच्या पाकळ्यांत धूळ घट्ट बसली. त्याहून मोठी गोष्ट अशी की, दार आधीच फुलांनी भरलेले असल्यामुळे खऱ्या फुलांची आठवणच कोणाला होईना; एका दसऱ्याला तर झेंडू आणायचेच राहून गेले. लाकडी तोरणात दोन फळांमध्ये तीनेक इंचांची जागा मोकळी आहे. पाडव्याला त्या जागेत आंब्याची पाने खोचली जातात, दसऱ्याला झेंडूची फुले येतात, आणि कोजागिरीच्या सुमारास भाताची लोंबी, कुरडूचे फूल, आंब्याचे पान एकत्र बांधून केलेली ‘नवे’ नावाची नव्या पिकाची जुडी त्याच आकड्याला अडकवता येते. वर्षभर दार उघडे-बोडके दिसत नाही आणि सणाच्या दिवशी ते वेगळेही दिसते. माझ्या मते दारावरच्या कोणत्याही कायमच्या सजावटीत सर्वांत आधी हा गुण पाहावा, आणि या तोरणात तो पुरेपूर आहे.

आता पाटीविषयी. गंजिफा हा हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जुना खेळ; त्याचे पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पाने, असे 120 पत्ते असतात. सावंतवाडीत ही कला टिकली याचे मोठे श्रेय राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांना जाते. मोती तलावाजवळच्या राजवाड्यात आजही चित्रकार बसून हे काम करताना दिसतात. आमच्या पाटीवर आडनावाभोवती दहा अवतारांची दहा गोल चित्रे आहेत. हाताने रंगवायची असल्यामुळे ती पाच आठवड्यांनी कुरिअरने आली. चित्रांतली रेघ इतकी बारीक आणि ठाम आहे, विशेषतः वराह आणि नृसिंह यांच्या चेहऱ्यांत, की घरी येणारी लहान मुले एकेक अवतार ओळखत दाराबाहेरच रेंगाळतात. देवनागरी अक्षरही वळणदार आणि सहज वाचता येणारे आहे.

पाटीचा पाया मात्र प्लायवुडचा निघाला, आणि त्याची खालची कड रंगवलेलीच नव्हती. पावसाळ्यात तिथून ओल शिरली आणि प्लायचे पदर किंचित सुटले. चित्रांना धक्का लागला नाही, तरीही इतक्या मोलाच्या चित्रकामाला सागवानी किंवा निदान चारही कडा बंद केलेला पाया मिळायला हवा. मागे टांगायला एकच कडी असल्यामुळे दार आपटले की पाटी तिरपी होते, हीदेखील लहान पण रोजची गैरसोय आहे. सांगतानाच दोन भोके मागून घ्यावीत.

मार्गिकेतल्या निळसर पांढऱ्या दिव्याखाली पाटीवरचा लाल आणि पिवळा रंग फिका दिसत असे. आम्ही पाटीवर 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा छोटा दिवा बसवला आणि रंग उठून आले. उंबरठ्यावर चिकटवायची छापील रांगोळी घेण्याचा विचार होता, तो सोडून दिला. दोन बोटांची पांढरी रांगोळी रोज घातली जाते आणि चातुर्मासात तिच्या जागी गोपद्मे येतात.

किमतीच्या मानाने तोरण समाधानकारक आहे आणि मी ते निःशंकपणे सुचवीन. पाटी सुचवताना पायाची अट घालीन. मापाविषयी एक सूचना करायला हवी. आम्ही दाराची आतली रुंदी मोजून 36 इंचांचे तोरण घेतले, तर चौकटीची बाहेरून बाहेरची रुंदी 42 इंच आहे, आणि झोलातही दोन-तीन इंच जातात. त्यामुळे दोन्ही टोकांना चौकट उघडी दिसते. पुढच्या खेपेस सावंतवाडीला गेल्यावर त्याच आळीतून काजूची आणखी चार बोंडे आणि लाखेचे मूठभर मणी सुटे आणून ती उणीव भरून काढायची आहे. तंगूस घरात शिल्लक आहेच.