दोन फुटी टँकमध्ये कोण नांदतं?

खाऱ्या पाण्याचा टँक लहान असला की माशाचा रंग नंतर बघायचा, आधी स्वभाव. आमचा टँक दोन फुटी. दगड आणि वाळू वजा जाता पाणी राहतं जेमतेम ८० लिटर. ठाण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, पूर्वी टीव्ही होता त्या जागी ठेवलाय. (टीव्ही सासूबाईंच्या खोलीत गेला, त्यामुळे दोन्ही पक्ष खूश.) एवढ्याशा पाण्यात मार खाणाऱ्याला पळायला जागाच नसते. म्हणून हे परीक्षण माशांच्या देखणेपणाचं कमी आणि वागणुकीचं जास्त आहे.

आमच्याकडे प्रवाळ नाहीत, हे आधीच सांगून टाकते. दगडी प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, समुद्रघोडेही, म्हणजे त्यांची विक्री बेकायदा. तरी मुंबईतल्या एका दुकानात "ताई, बाहेर मांडत नाही, आत ठेवलंय, दाखवू का?" असं ऐकायला मिळालंच. नको म्हटलं. आमच्याकडे कृत्रिम खडक आहे, त्यावर जांभळट शैवालाचा लेप चढलाय आणि एका कोपऱ्यात हिरवं शैवाल वाढतंय. मासे मात्र रीफवरचेच, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ-खडकांवर राहणारे.

पहिला मान फायरफिशचा. पुढून मोतिया पांढरा, शेपटीकडे जाताना केशरी आणि मग लालभडक. पाठीवरचा लांब तुरा सारखा वरखाली करत एका जागी तरंगत राहतो. कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण इतका भित्रा, की हॉलमधला दिवा अचानक लावला तरी दगडाच्या फटीत गडप. म्हणूनच तो सगळ्यांत आधी सोडायचा, घर त्याचं झालं की मग बाकीचे. दोष एकच, तो उडी मारतो. टँकवर बारीक जाळी हवीच, नाहीतर सकाळी फरशीवर सापडेल. आणि जोडी म्हणून पक्की ठरलेली नसेल तर एकच घ्या, दोघांत बारका दुसऱ्याच्या धाकाने अन्न सोडतो.

क्लाउनफिशबद्दल नवीन काय सांगणार! ओसेलारिस जातीचाच घ्या, आणि टँकमध्ये जन्मलेला घ्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत क्लाउनची पैदास कधीच साधलीय, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही. ॲनिमोन (समुद्रात हा ज्याच्या शुंडांमध्ये राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी) नसला तरी त्याचं काही अडत नाही. यांच्यात सगळे आधी नर असतात, जोडीतला दांडगा असतो तो मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक बारका असे निवडले की भांडण लवकर मिटतं. मोठी झाली की मादी घरात सत्ता गाजवते. काच पुसायला हात घातला की आमची बाई बोटाला चावते. लागत नाही, पण अपमान होतो. शांत माशांत यांची गणना करताना माझा हात जरा आखडतो, म्हणून यांना सगळ्यांत शेवटी सोडायचं.

रॉयल ग्रामा घेताना डोळे उघडे ठेवा. कॅरिबियनमधून येतो, त्यामुळे आपल्याकडे तो सहज मिळत नाही आणि स्वस्तही नसतो. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. आणि नेमक्या याच दोन रंगांत रॉयल डॉटीबॅकही येतो. तो मुलखाचा भांडकुदळ. एका दुकानात हाच ग्रामा म्हणून माझ्यापुढे ठेवला होता. ओळखायचं असं: ग्रामाच्या पाठीवरच्या पराला पुढे काळा ठिपका असतो, डोळ्यातून एक गडद रेघ जाते, आणि जांभळा हळूहळू पिवळ्यात विरघळत जातो. डॉटीबॅकचे दोन रंग सरळ रेषेत तुटतात. खरा ग्रामा आपल्या कपारीपुरता तोंड वासून दटावतो आणि तिथेच थांबतो. कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहताना दिसला तर काळजी नको, त्याची ती पद्धतच आहे.

आता माझा लाडका. यलो वॉचमन गोबी, हळदीच्या रंगाचा, गालांवर निळे ठिपके, चेहऱ्यावर कायम नाराजी. हा एकटा घेऊ नका, सोबत पिस्टल श्रिंप, म्हणजे चिमटा वाजवणारी कोळंबी, घ्या. कोळंबीची नजर कमजोर. ती दिवसभर बिळातली वाळू बाहेर काढत असते आणि तिची एक मिशी गोबीच्या अंगाला लागलेली असते. गोबी दाराशी पहाऱ्यावर. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो, कोळंबी आत, पाठोपाठ तोही आत. बीळ तिचं, डोळे त्याचे. सासूबाई सीरियल सोडून हे बघायला येतात, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. रात्री मधूनच 'टक्' असा आवाज येतो. काच तडकली असं वाटून घाबरू नका, तो कोळंबीच्या चिमट्याचा. एक काळजी घ्या: दगड वाळूवर न रचता थेट तळाच्या काचेवर टेकवा. ही बाई पाया खणून काढते.

न घेण्यासारखे? निळा डॅमसेल. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत चिवट, आणि "नवीन टँकमध्ये हाच सोडा" म्हणून गळ्यात मारला जाणारा. ओळखीच्या एका मुलाच्या टँकमध्ये त्याने बाकी कुणाला खाऊ दिलं नाही. शेवटी सगळे दगड बाहेर काढून त्याला पकडावं लागलं. ब्लू टँग पोरांच्या हट्टाचा, पण वाढून फूटभर होतो, त्यामुळे विषयच संपला. मँडरीन सगळ्यांत सुंदर आणि स्वभावाने गरीब, तरीही नको. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत फिरतो, आणि लहान टँकमधले ते बघता बघता संपतात. बरेच मँडरीन दुसरं अन्न तोंडात धरत नाहीत, डोळ्यांदेखत वाळत जातात.

मासा पसंत पडला की दुकानदाराला म्हणावं, "दादा, माझ्यासमोर जरा खायला घाला." फ्रोजन मायसिसवर (गोठवलेल्या, कोळंबीसारख्या बारीक जीवांवर) तुटून पडला तर घ्यावा, नुसताच बघत राहिला तर पुढच्या आठवड्यात परत यावं. कुरकुर न करता खायला घालणारा दुकानदार भेटला तर दहावीस टक्के जास्त मोजायला माझी हरकत नाही.

आणि एप्रिल-मे विसरू नका. यातल्या सगळ्यांना पाणी २५-२६ अंशांच्या आसपास लागतं, आपल्याकडे पंखा लावूनही ते ३० च्या वर जातं. चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, किंमत आधी विचारा, मग माशांकडे वळा. आमचा चिलर टँक आणि सगळे मासे मिळून झाले त्यापेक्षा महाग पडला.