लातूरचं ‘सेल्फ-डायनामो’वालं दुकान आणि आमची १९६९ची एमजीबी

पॉइंट-कंडेन्सरची, म्हणजे ठिणगीसाठीचा करंट इलेक्ट्रॉनिक्सऐवजी उघडझाप करणाऱ्या पॉइंटनं तोडणारी जुनी गाडी असेल आणि ती तापल्यावर बंद पडत असेल, तर पुण्या-मुंबईला ट्रकवर चढवण्याआधी लातुरातलं हे दुकान गाठा. गंजगोलाईपासून चालत जाता येईल अशा एका बोळात आहे. बोर्डावरचं नाव पुसून गेलंय, ‘सेल्फ, डायनामो, वायरिंग’ एवढंच वाचता येतं. चालवणारे चाचा सत्तरीच्या आसपासचे. सगळी हयात ॲम्बॅसेडर, फियाट आणि मेटाडोरमध्ये गेलेली.

आमची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वडिलांच्या वेळची. गार असताना पहिल्याच सेल्फला चालू व्हायची. औशाच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या वाटेत झटके द्यायची आणि मग गप्प. झाडाखाली थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरळीत. मे महिना, त्यामुळे ज्याला त्याला पेट्रोलचाच संशय. एका गॅरेजनं दोन्ही एसयू कार्बोरेटर उघडून साफ केले, प्लग बदलले, पंप बदलायला सांगितला. पंपाची टिकटिक मला व्यवस्थित ऐकू येत होती, म्हणून तो खर्च मी अडवला.

चाचांनी बॉनेटला हात लावण्याआधी एकच विचारलं. “ताई, बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो? एकदम का इंजिनासंगं हळूहळू?”

एकदम, मी म्हणाले. गाडी वेगात असतानाच काटा शून्यावर आपटायचा.

“मग पेट्रोल न्हाई. करंट तुटायलाय.”

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता, आणि अर्धं निदान त्यातच होतं. या सालच्या एमजीबीत कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) जाणारा करंट टॅकोमीटरमधून, म्हणजे आरपीएमच्या मीटरमधून जातो. पेट्रोल संपलं किंवा प्लगच्या वायरमध्ये दोष असला, तर पॉइंट उघडझाप करतच राहतात आणि काटा इंजिनाबरोबर उतरतो. काटा एकदम पडला म्हणजे स्विच, कॉइल, पॉइंट आणि त्यांच्यामधल्या वायरी, एवढ्यातच शोधायचं.

मग वाटलं, आता लगेच पॉइंट बदलतील. तसं केलं नाही. “आधी गाडीत हाय काय ते बघू. लोकं आधी बदलायलेत आन् मग बघायलेत.” फडक्यानं डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) पुसून त्यांनी त्यावर कोरलेला नंबर टॉर्चनं वाचला. १९६९च्या एमजीबीत लुकास कंपनीचा २५डी४ असतो, त्याच्या बाजूला टायमिंग थोडं मागे-पुढे करायची छोटी दातेरी चकती असते. आमच्यात ती नव्हती. कधीतरी कुणीतरी ४५डी४ बसवला होता. चालतो तोही, पण त्याचा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, वेगळा. २५डी४चा ६० अंशांच्या आसपास, ४५डी४चा ५१च्या. गाडीचं साल बघून पुस्तकातला आकडा लावला असता तर सेटिंग चुकलंच असतं.

खरी गोम कॉइलमध्ये निघाली. मीटर लावल्यावर प्रायमरीचा (कॉइलच्या आतल्या पहिल्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स दीड ओहम आला. अशी कॉइल १९७४च्या शेवटापासूनच्या, रबरी बंपरच्या एमजीबीसाठी. त्या गाड्यांच्या वायरिंगमध्येच गुलाबी-पांढरी रेझिस्टन्स वायर असते, ती व्होल्टेज खाली आणते. आमच्या गाडीत ती वायर नाही, स्विचकडून टॅकोमीटरमार्गे साधी पांढरी वायरच कॉइलवर येते. म्हणजे जिथे तीन ओहमच्या कॉइलमधून साधारण ४ अँपिअर जायला हवेत, तिथे ८ जात होते. हिवाळ्यातल्या सर्व्हिसिंगमध्ये ‘जोरदार करंटची’ म्हणून बसवून दिलेली कॉइल हीच. पॉइंटची तोंडं निळी पडून खड्डे पडलेले. चाचांनी दुकानासमोरच गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवली आणि कॉइल गरम असतानाच पुन्हा मीटर लावला. आकडा एका जागी ठरत नव्हता. आतली तार तापली की सुटत होती.

तीन ओहमची कॉइल सोलापूरहून मागवावी लागली. तीसोबत नवे पॉइंट आणि कंडेन्सर. गॅप फीलर गेजनं ०.०१५ इंच, नंतर ड्वेल मीटरवर खात्री, शेवटी टायमिंग लाइट. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतो, हे त्यांना कुठे बघावं लागलं नाही. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजची. एमजीबी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडली होती, पण हात अडखळला नाही. प्लग आणि वायरी तपासून तशाच ठेवल्या. “चांगल्या हायत, कशाला पैसे घालायलाव?”

मजुरी ८०० रुपये. मी जास्त देऊ केले, घेतले नाहीत. त्यानंतर भर दुपारी अंबाजोगाईला जाऊन आले, गाडीनं एकदाही झटका दिला नाही. कॉइलला हात लावून बघितला, कोमट होती.

काही अडचणीही सांगते. बोळात गाडी वळत नाही, मागे घेत बाहेर काढावी लागते. बसायला एक बाकडं, तेही उन्हात. पक्कं बिल मिळत नाही. काम एका हाताचं, त्यामुळे नंबर लागतो, आणि घाई केलेली त्यांना अजिबात खपत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून हवं असेल तर ते नाही म्हणतात. मला ते बसवायचं होतं, पण रस्त्यात बिघडलं तर कंडेन्सर अहमदपूरलाही मिळेल, किट मिळणार नाही, हे त्यांचं म्हणणं पटलं.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. जाताना आधीच्या गॅरेजनं काढलेले जुने भाग पिशवीत घालून न्या. चाचा आधी तेच मागतात.