शॉक सोपा, गोळ्या अवघड: एएफ आणि कार्डिओव्हर्जननंतरचे माझे महिने

एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ठोका अनियमित होणं) झालाय, ठोका ताळ्यावर आणायला छातीवर विजेचा शॉक, म्हणजेच कार्डिओव्हर्जन, घ्यायला सांगितलाय आणि भीतीपोटी तारीख पुढे ढकलणं चाललंय, अशांसाठी हे लिहितेय. मी यावलची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६६, बीपी जुनंच. शॉक घेतल्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता भरिताचे दिवस आलेत. एवढ्या काळानंतर माझं मत असं की या सगळ्या उपचारात शॉक हाच सर्वांत सोपा भाग. शिस्त, कटकट, काळजी जी काही आहे ती त्याच्या आधी आणि नंतर.

मला धडधड फारशी नव्हती. दम लागायचा. मनुदेवीच्या वाटेवर दरवर्षी चालणारी मी, अर्ध्या रस्त्यात दगडावर बसायला लागले. घरच्या बीपी मशीनवर नाडी आता ९० तर थोड्या वेळाने १४०. ईसीजीत कळलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरताहेत. मग इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि रक्तातलं थायरॉईड, पोटॅशियम. गावात ज्याला त्याला एकच उपाय माहीत, 'बाई, केळी खा, केळी हृदयाला चांगली.' आमची स्वतःची बाग आहे, केळी काय कमी खाल्लीत? पोटॅशियम रक्तात किती आहे ते तपासूनच कळतं, फण्या मोजून नाही.

खरी परीक्षा त्यानंतरची. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या एका पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं आणि गुठळी होऊ शकते. ठोका सुधारल्यावर ती सुटली तर थेट मेंदूत जाऊन लकवा. म्हणून शॉकआधी निदान ३ आठवडे रक्त पातळ करणारी गोळी, तीही न चुकता. मला ॲपिक्सॅबान दिली, सकाळ-संध्याकाळ. डोस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लग्नसराईत, पाहुण्यांच्या गर्दीत संध्याकाळची गोळी विसरणं किती सोपं आहे ते बायकांना सांगायला नको. मोबाईलचा गजर आणि आमचे हे, दोघं मिळून पहारा द्यायचे. ज्यांना एवढं थांबणं शक्य नसतं, त्यांच्या घशातून नळी घालून इको करतात आणि गुठळी नाही याची खात्री करून घेतात.

दवाखान्यात बाकावर शेजारी चोपड्याकडचे एक शेतकरी होते. लहानपणीच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची झडप अरुंद झालेली. अशा झडपेसोबत एएफ असेल तर माझ्यासारखी नवी गोळी चालत नाही, रक्त पातळ करणारी जुनी गोळी, ॲसिट्रॉम, तीच लागते. तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासत राहायचं, साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवायचं. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून मेथी-पालक सोडायची नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. ते म्हणाले, 'बाई, हिवाळ्यात मेथी मोजून खायची म्हणजे शिक्षाच की.'

शॉकच्या दिवशी उपाशी पोटी गेले. छातीवर आणि पाठीवर चिकट पॅड लावले, शिरेतून भुलीचं औषध दिलं. डॉक्टर बोलत होते तेवढं आठवतं, पुढचं काही नाही. जागी झाले तेव्हा पडद्यावर ठोके एका अंतराने पडत होते. 'करंट' हा शब्द ऐकून भिणाऱ्यांना एक सांगते. यंत्र ठोक्याची वेळ बघून, ईसीजीतल्या उंच टोकाशी जुळवूनच शॉक सोडतं, कारण चुकीच्या क्षणी पडला तर खालचे कप्पे बिघडू शकतात. ही वेळ साधण्याची पद्धत अमेरिकेतल्या डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ साली मांडली. म्हणजे नवा प्रयोग नाही, माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट आहे. आमच्या सालदाराने त्याच्या भाषेत समजून घेतलं, 'मोटर बंद करीसन परत चालू कयी, नही का?' बऱ्यापैकी बरोबरच म्हणायचं.

पॅडच्या जागी कातडी लाल झाली, दोन-तीन दिवस आग झाली. बस्स. पण ठोका नीट झाला तरी वरचे कप्पे काही आठवडे सुस्तच असतात, त्यामुळे नंतरचे ४ आठवडे तर गोळीत खंड अजिबात चालत नाही. माझं वय, बीपी बघता ती कायमचीच आहे. 'ठोका सुधारला, आता कशाला?' असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. गुडघा दुखला की गल्लीतला डॉक्टर कमरेत सुई टोचतो नाहीतर दुखीची गोळी देतो. रक्त पातळ असताना त्या सुईने आत रक्त साचतं आणि त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कुठेही गेलात तरी गोळीचं पाकीट आधी टेबलावर ठेवा.

आता न आवडलेली बाजू. हा कायमचा इलाज नाही. अनेकांचा ठोका वर्षभरात पुन्हा बिघडतो, माझा मे महिन्यातच बिघडला. पुन्हा शॉक, आणि या वेळी सोबत ॲमिओडॅरोन. हे औषध ठोका धरून ठेवतं, पण थायरॉईड आणि यकृत ठरावीक काळाने तपासत राहावं लागतं, आणि कातडीला ऊन सोसत नाही. खान्देशातल्या उन्हात हे औषध! पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, डोक्यावरून पदर, दुपारी मळ्यात जाणं बंद.

तरीही शॉक घेतल्याचं समाधान आहे. ठोका सुरळीत असतो तेव्हा जिना चढून वर जाते आणि वर पोचल्यावर बोलूही शकते. ज्यांना एएफचा त्रास जाणवतच नाही, त्यांना डॉक्टर नुसता वेग आटोक्यात ठेवायलाही सांगतात, तेही चुकीचं नाही. माझ्याशी डॉक्टर आता ॲब्लेशनचं, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयातली ठोका बिघडवणारी जागा निकामी करण्याचं, बोलताहेत. थायरॉईडचा पुढचा रिपोर्ट जानेवारीत येईल, तो बघून ठरवणार.