पासवर्ड बदलला, तरी मेल बाहेर जातच राहिले

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. पुण्याचं एक गिऱ्हाईक अकरा वर्षांपासून आमच्याकडूनच माल घेतं. त्यांचे २,८४,००० रुपये माझ्या ईमेलवरून गेलेल्या एका मेलमुळे परक्याच्या खात्यात गेले.

मेलमध्ये लिहिलं होतं, 'जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या बिलाची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी.' लेटरहेड माझं, बिलाचा नंबर खरा. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बदललेला. त्यांच्या अकाउंटंटनं उलट विचारलंही, 'नक्की ना साहेब?' त्यावर माझ्याच पत्त्यावरून 'हो' असं उत्तर गेलं. मला यातलं एक अक्षरही दिसलं नाही. पाचव्या दिवशी पैशांसाठी मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, भरलेत की सोमवारीच!"

त्याच तासाला मी पासवर्ड बदलला आणि चोराची वाट बंद झाली, असं धरून चाललो. सगळ्यात मोठी चूक तीच. तीन दिवसांनी इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, त्यांनाही तसलाच मेल आलेला. या वेळी पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, पण बिलाचा नंबर मात्र तोच, ज्याबद्दल त्यांनी आदल्याच दिवशी मला मेल केला होता. पासवर्ड नवा, मग चोराला तो मिळाला कुठून?

पुतण्या कॉम्प्युटरवर बसला आणि मला म्हणाला, "काका, सेटिंगमधले फिल्टर कधी बघितलाय का?" नाव ऐकून होतो, उघडलं कधीच नव्हतं. तिथं एक फिल्टर लावलेला होता: 'बिल', 'इनव्हॉइस', 'पेमेंट' यातला शब्द असलेला, मला येणारा प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचा आणि माझ्याकडून डिलीट करायचा. पासवर्ड बदलला म्हणून फिल्टर पुसला जात नाही. जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर सेटिंग्ज उघडून 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही भाग आज बघा, फोनच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसत नाहीत. आउटलुकमध्ये त्याला 'रूल्स' म्हणतात. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' दाबलं की खातं कुठून कुठून उघडलं गेलं ते कळतं. आमच्या यादीत एक गाव असं होतं, जिथं घरातलं कुणी कधी गेलेलं नाही.

सुरुवात कुठं झाली ते आठवायला वेळ लागला. महिन्याभरापूर्वी रात्री मुंबईला निघालो होतो. कोल्हापूर स्टेशनवर एक कोटेशन पाठवायचं होतं आणि नेट रडत होतं. यादीत 'फ्री' लिहिलेलं एक वायफाय दिसलं, कुलपाचं चिन्ह नसलेलं. जोडलं, तर पान उघडलं: ईमेल आणि पासवर्ड टाका. गुगलचा लोगो बघून मी टाकला. नेट काही चाललं नाही, गाडी आली, विषय डोक्यातून गेला. ते नाव कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला देऊ शकतो. रेल्वेच्या खऱ्या वायफायला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो. वायफायच्या पानानं ईमेलचा पासवर्ड मागितला की तिथंच बंद करा. एकदा जोडलेलं उघडं वायफाय फोन पुढं आपोआप पकडतो, म्हणून काम झालं की 'फरगेट' करा. स्टॅंडवर, लॉजवर, हॉटेलात बिलाचं काम असेल तर आपलाच मोबाइल डेटा वापरा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करणं, तेव्हा चालू असतं, तर नुसत्या पासवर्डवर त्याला आत येता आलं नसतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन पुण्याच्या गिऱ्हाइकानं केला, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवली. पाच दिवस उलटले होते. ३८,००० रुपये एका खात्यात अडवता आले, बाकीचे पुढं सरकले होते. बँकेच्या माणसानं सांगितलं, पहिल्या काही तासांत फोन आला असता तर जास्त हाती लागलं असतं. तुमच्या बाबतीत असं घडलं तर शाखा उघडायची वाट बघू नका, आधी १९३०.

उरलेलं नुकसान आम्ही निम्मं निम्मं सोसायचं ठरवलं. अकाउंटंट अजून नोकरीवर आहे, कारण त्यानं विचारलं होतं हे मी त्यांच्या मालकांना स्वतः जाऊन सांगितलं. आता आमच्या प्रत्येक बिलावर ठळक छापलेलं असतं: 'आमचं खातं बदलत नाही. बदलल्याचा मेल आला तर तुमच्याकडं आधीपासून असलेल्या माझ्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नाही.'